प्रफुलचा पडदा

वडशातला सगळ्यात गोड माणूस कोण, असं विचारलं तर लोक प्रफुल बोरकरचं नाव घेत. त्याच्या गोडपणाचा ज्यांना चटका बसला होता ते मात्र गप्प बसत. प्रफुलला तोंडावर नाही म्हणताच यायचं नाही. लग्नासाठी लाखांदूरकडची एक मुलगी पाहायला गेला. मनातून नापसंत केली, पण पोह्यांची तारीफ केली, तिच्या आईला वाकून नमस्कार केला आणि ‘कळवतो’ म्हणून निघाला. त्या घरी कळलं ते दुसऱ्याच मुलीशी ठरलेल्या त्याच्या लग्नाची पत्रिका गावात आली तेव्हा. प्रफुलला वाईट वाटलं. पण वाईट बातमी आपल्या तोंडून गेली नाही, याचा आनंद त्याहून मोठा होता.

असल्या माणसाच्या हाती कॉम्प्युटर आला.

रेल्वे फाटकाजवळ त्याचं छोटं दुकान होतं. झेरॉक्स, लग्नपत्रिका, आणि दिवाळीच्या आधी नाटक कंपन्यांची पोस्टरं. दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईत नाटक लागतं. त्या पोस्टरांवर कंपन्यांचा जीव. पंचाईत एवढीच की एका कंपनीचं पोस्टर चालू असताना दुसऱ्या कंपनीचा मालक येऊन मागे उभा राहायचा आणि नाटकाचं नाव, नटीचं नाव, सगळं वाचून जायचा. यावर प्रफुलला एक बटन सापडलं. खिडकीची खूण असलेलं बटन आणि डी, डाव्या हाताच्या दोन बोटांनी एकदम दाबायचं. पडद्यावर जे काही उघडं असेल ते क्षणात खाली बसतं आणि समोर नुसता डेस्कटॉप येतो, निळं आभाळ आणि हिरवी टेकडी. काही बंद होत नाही, काही पुसलं जात नाही. गिऱ्हाईक गेलं की पुन्हा तेच दाबायचं, सगळं होतं तसं वर येतं. प्रफुल त्याला ‘पडदा’ म्हणायचा. कुणी कॉम्प्युटर शिकायला आलं की पहिला धडा हाच. “याच्याइतकं कामाचं बटन कॉम्प्युटरात दुसरं नाई,” तो सांगायचा. त्याच्या स्वभावाला तर ते मापून शिवल्यासारखं बसलं होतं.

साल दोन हजार चार. गुणवंतराव आपल्या कंपनीच्या पोस्टरासाठी आले आणि स्टूल पुढे ओढून हळूच म्हणाले, “यंदा हिरॉइन भाग्यश्री. चंदाचा फोटो घेऊ नको.”

चंदाबाई ही त्यांच्या कंपनीची कितीतरी वर्षांपासूनची नायिका. चार महिने नाटक, उन्हाळ्यात विड्यांसाठी तेंदूपत्ता तोडणं, पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत धानाची रोवणी, असा तिचा संसार चालायचा. ऐन नाटकात पेट्रोमॅक्सची बत्ती भडकून तिचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत पोळला होता. त्याच हाताने तिने तो प्रवेश पुरा केला होता आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

“बाईले सांगतलं?” प्रफुलने विचारलं.

“आत्ताच काऊन सांगू? पोरीले अजून रडता येत नाई. चंदा शिकवून राह्यली तिले. पोरगी हिरॉइनच्या बहिनीचा रोल करते, असं वाटते चंदाले. एकडाव तालीम पक्की होऊ दे, मंग पाहू.”

भाग्यश्रीला हे माहीत होतं. रोज चंदाबाईच्या पाया पडून ती रडायला शिकत होती.

भाग्यश्रीचा नाटकाच्या वेशातला फोटो नव्हता, कॉलेजच्या ओळखपत्राचा तेवढा होता. प्रफुलने चंदाबाईचा जुना फोटो घेतला. तेच लुगडं, तीच कपाळाशी हात नेलेली ढब. फक्त मान कापून वर भाग्यश्रीचं डोकं बसवलं. गळ्याचा रंग इतका मिळवला की सांधा दिसेना. आपल्या कामावर तो बेहद्द खूश झाला.

चंदाबाई दुसऱ्याच दिवशी आली. दारात चपला वाजल्या तशी प्रफुलची दोन बोटं बटनांवर गेली. हिरवी टेकडी आली.

“हे कोनतं गाव म्हनावं?” चंदाबाई हसली. “एवढं कुरन अन् एक गोरू दिसत नाई.”

“विलायत हाये बाई. तिथची ढोरं गोठ्यातच चरतात.”

मग ती मुद्द्यावर आली. “प्रफुलभाऊ, मले खरं सांगा. तो दुसऱ्या कंपनीवाला दादाजी बोलावून राह्यला, त्याच्या नाटकात. आज सांजेपर्यंत सांग म्हनते, नाई तं दुसरी घेतो. गुनवंतभाऊ यंदा नीट बोलत नाई माझ्याशी. पोस्टरात माझा फोटो बसला ना? बसला असन तं त्याले नाई म्हनते.”

त्या टेकडीच्या मागे तिचंच धड उभं होतं. प्रफुलला सगळं ठाऊक होतं. आज ती दादाजीकडे गेली तर तिचा हिवाळा वाचतो. उद्यापासून सगळ्या कंपन्यांच्या जागा भरलेल्या. एक शब्द पुरला असता. पण तो शब्द तोंडावर म्हणायचा होता.

“बसला ना बाई,” प्रफुल म्हणाला. तेही खोटं नव्हतं, असं त्याने नंतर स्वतःला समजावलं. “मस्त बसला. चहा घ्याल?”

चहा पिऊन ती गेली आणि दादाजीला नाही म्हणून आली.

पोस्टर छापायला जाण्याच्या दिवशी ती पुन्हा आली. फोटो एकदा डोळ्यांनी पाहू द्या म्हणाली. टेकडी समोर होतीच. तेवढ्यात सातबाऱ्याची झेरॉक्स मागायला कुणी आलं आणि प्रफुल उठला. चंदाबाईचं आयुष्य नाटकात गेलेलं. ज्या दोरीने पडदा पडतो त्याच दोरीने तो उचलतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. त्याची बोटं कुठे पडतात तेही तिने पाहून ठेवलं होतं. तिने तिथेच दाबलं.

प्रफुल वळला तेव्हा पोस्टर उघडं होतं. चंदाबाईने आधी तोंड पाहिलं, मग लुगडं, मग हात. बराच वेळ ती त्या हाताकडेच पाहत राहिली. ती आता ओरडेल, शिव्या घालेल, म्हणून प्रफुलने मशीनचं झाकण घट्ट धरून ठेवलं.

“रडता येते आता तिले,” ती म्हणाली. “काल तालमीत मलेच रडवलं तिनं.” मग तिने आपला उजवा हात कॉम्प्युटरच्या काचेवरच्या हाताशेजारी धरला. “हा डाग मिटवून टाका, प्रफुलभाऊ. पोरीचा हात साफ हाये. लोक पाह्यतीन तं म्हनतीन, हा तं चंदीचा हात.”

प्रफुलचा जीव भांड्यात पडला. तो लगबगीने खुर्चीत बसला, माऊस धरला आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा डाग तिच्यासमोर पुसून काढला. काम सफाईदार झालं. पोस्टर खरंच आधीपेक्षा चांगलं दिसू लागलं.

“चहा मागवू का बाई?” त्याने गोड आवाजात विचारलं.

“नाई,” चंदाबाई म्हणाली आणि चपला घालून निघून गेली.