आलेले डोळे

लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या ताईंचा हातगुण गल्लीभर गाजलेला. कुणाचे डोळे आले की पाय तिकडेच वळायचे. ताई धने उकळायच्या, पाणी गाळून कोमट करायच्या आणि डोळ्यात थेंब सोडायच्या. आठवड्यात डोळे लख्ख. खरं तर डोळे येतात बिनबोलावता, चार दिवस मुक्काम ठोकतात आणि आपल्या पायांनी निघूनही जातात. पण श्रेय ताईंना मिळायचं आणि त्या ते नाकारत नसत.

धाकटा भाऊ कारखान्यात लेथवर होता. एकदा डावा डोळा लालबुंद करून आला. "डोळे आलेत वाटतं," म्हणाला. डोळे येतात ते सहसा जोडीनं. इथे एकच लाल होता. लोखंडाचा कण तर उडाला नाही ना, एवढं विचारायचं ताईंना सुचलं नाही. आदल्या दिवशीचं पाणी भांड्यात उरलं होतं, तेच घातलं. पुढेही घालत राहिल्या. डोळा उघडेनासा झाला तेव्हा कुठे दोघं डॉक्टरीणबाईंकडे धावली.

डोळ्यात काही घातलं होतं का, असं बाईंनी विचारलं. भावानं ठोकून दिलं, "नाही." ताई भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत राहिल्या. आपली अब्रू राखायला हा खोटं बोलला, हे त्यांना कळलं. लाज वाटायच्या आधी त्यांना हायसं वाटलं, आणि त्याचीच पुढे जास्त लाज वाटली.

औषधानं उतार पडेना. पुढच्या खेपेला ताईंना राहवलं नाही.

"मी धन्याचं पाणी घातलं होतं. शिळं."

बाई रागावल्या नाहीत. धन्यात जंतूंना अटकाव करणारं काहीतरी असतं, प्रयोगशाळेत तसं दिसलंय, म्हणाल्या. पण माणसाच्या डोळ्यात ते गुण देतं याला भरवशाचा पुरावा नाही. शिवाय घरच्या पाण्यात भलतेच जंतू वाढतात आणि त्यांचं औषधही वेगळं असतं. "मागच्या वेळीच सांगायला हवं होतं," एवढं बोलून त्यांनी औषध बदललं.

डोळा काढावा लागला नाही, पण बुबुळावर फूल पडलं. लेथ सुटली, भाऊ आता खोकी बांधतो. ताईंनी धने उकळणं बंद केलं. कुणी आलं तर सरळ डॉक्टरकडे पिटाळतात. रात्रंदिवस जीव खातो तो मात्र त्या तक्त्याकडे बघत घालवलेला वेळ.

परवा शेजारीण कपडे घ्यायला आली. भाऊ तिथेच होता. कौतुकानं तिला सांगत होता, "ताईनं वेळेवर सांगितलं, म्हणून डोळा तरी राहिला."

शेजारणीनं ताईंकडे मोठ्या आदरानं पाहिलं. ताईंनी मान खाली घातली, शर्टाची कॉलर नीट केली आणि इस्त्री फिरवली. याही वेळी त्यांनी नाकारलं नाही.