गुळाच्या पाण्याचा बोळा

दिंद्रुडच्या रस्त्याला लागलं की गुऱ्हाळाचा वास येतो आणि मी भरउन्हातही गाडीची काच वर करतो. आमचं लेकरू जन्मलं तेव्हा त्याची अन्ननळी पोटाला जोडलेलीच नव्हती. ऑपरेशन करून ती जोडायची होती. दवाखान्याच्या अतिदक्षता विभागात ते काचेच्या पेटीत पडलेलं, नाकात नळी, इवलीशी छाती भराभरा उडत होती. "तोंडात थेंबही घालू नका, सरळ छातीत उतरेल," असं सिस्टरनं आम्हाला बजावलं होतं. माझ्या आईनं मान हलवली, पण बाहेर बाकावर बसून सारखी म्हणायची, "चिरफाड करायलेत अन् लेकरू जन्मल्यापासून उपाशी हाय. असं कसं धाडावं रे?" ऑपरेशनला न्यायच्या आधी घरच्या एकाला आत सोडत होते. बायको बाळंतिणींच्या वॉर्डात होती, म्हणून आई गेली. बाहेर आली ती अगदी निवांत चेहऱ्यानं. मग आत धावपळ उडाली. लेकरू निळं पडलं होतं, ऑपरेशन झालंच नाही. डॉक्टरांनी मला एकट्याला बाजूला घेतलं. "छातीत गोड पाणी गेलंय. कुणी पाजलं?" घरी निघताना आईची पिशवी मी उचलली, तर आत कापसाचा ओला बोळा होता आणि त्याला गुळाचा वास येत होता. आजही विषय निघाला की ती डोळ्याला पदर लावते. "नशिबात नव्हतं लेकरू. पर माझ्या हातचं गोड खाऊन गेलं, उपाशी न्हाई गेलं." तेवढ्याच समाधानावर ती जगते आहे. मी खाली मान घालून तिनं वाढलेली भाकरी खातो.