बिनकडीचा गिअरबॉक्स

कारखान्यात तिला सगळे कडीबाई म्हणत. एक तर तिने सलग अठरा वर्षं गिअरबॉक्समध्ये पितळी कड्या बसवल्या होत्या. दुसरं म्हणजे, बाईने एकदा मनाला आतून कडी घातली की ती बाहेरून कुणाच्या बापाला उघडत नसे. तिचा नवरा या दुसऱ्या कारणालाच मान द्यायचा. सासूबाई तर शेजारणीला सांगत, "आमची सून कामाला जाते की भांडायला, तेच मला कळत नाही. पण डबा मात्र रोज रिकामा आणते हो."

आता या पितळी कडीबद्दल थोडं सांगायला हवं. दिसायला ती बांगडीएवढी, पण काम मध्यस्थाचं. गिअर बदलायचा म्हणजे वेगवेगळ्या वेगाने फिरणारे दोन भाग एकमेकांत अडकवायचे. एकाला कडेने दात, दुसऱ्यालाही दात. तसेच भिडवले तर दातावर दात आपटून असा खरखराट होतो की ऐकणाऱ्याचे स्वतःचे दात शिवशिवतात. म्हणून मध्ये कडी. ती घासते, पळणाऱ्याला आवरते, मागे राहिलेल्याला ओढते आणि दोघांचा वेग जुळला की बाजूला होते. भांडण मिटवणाऱ्या माणसासारखी झिजते मात्र तीच.

मग कारखान्यात नव्या बसचं काम आलं. तिला इंजिनही होतं आणि विजेची मोटरही. मोठ्या साहेबांच्या डोक्यात आलं, मोटर तर हवा तो वेग क्षणात पकडते. मग वेग तिनेच जुळवावा, दोन भागांना अडकवणारी दातेरी बांगडी सरकवावी आणि गिअर पडावा. कडी हवीच कशाला? झिजायला काही नाही, वजन कमी, जागा कमी. फक्त मोटरला हे नेमकं शिकवणारं कुणीतरी हवं होतं. साहेबांनी कडीबाईला बोलावलं.

पदवीवाल्यांनी नाकं मुरडली. बाईकडे पदवी नव्हती. चव्वेचाळिसाव्या वर्षी संध्याकाळच्या वर्गात निम्म्या वयाच्या पोरांच्या शेजारी बसून ती संगणक शिकली होती, एवढंच. "कड्या बसवणारीच आता कड्या काढणार," एक जण म्हणाला, "उद्या न्हावी केस वाढवायचं तेल विकेल." बाईने ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं. हे तिला फार क्वचित जमायचं.

साहेबांनी अट स्पष्ट सांगितली होती. पाच महिन्यांनी बस विकत घेणाऱ्यांचा तपासनीस येणार. त्याच्यासमोर गिअर सलग दोन हजार वेळा बदलायचा. एकदा जरी अर्ध्या सेकंदाहून जास्त अडकला, तरी गिअरच्या पेटीत पुन्हा कड्या, आणि बाई पुन्हा कड्यांच्या टेबलावर. त्या टेबलाची तिला लाज नव्हती. पण "आलात का परत?" हा प्रश्न ज्या सुरात विचारला जाईल, तो सूर तिला सहन होणार नव्हता. शिवाय हा गिअरबॉक्स चालणारच, असं तिला मनापासून वाटत होतं.

सुरुवातीला खरखराट होता. मोटर वेग जुळवायची, पण दोन भागांत मिनिटाला शंभर फेऱ्यांचा फरक राहायचा. बाईने तो चाळीसवर आणला. मग दहावर. आवाज गेला, लोक बघायला आले. बाईने टेबलासमोर कागद चिकटवला, "फरक शून्य झालाच पाहिजे", आणि मागे लागली. पाचवर आणला, दोनवर आणला, आणि तिथून नवीनच दुखणं सुरू झालं. हजारात नऊ वेळा गिअर पडायचाच नाही. आवाज नाही, धक्का नाही. जुना गिअर सुटलेला, नवा लागलेला नाही, बस आपली त्रिशंकूसारखी मध्येच. बाईने फरक आणखी आवळला. नऊचे चौदा झाले.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण बाई इतरांना नेहमी ऐकवायची. स्वतःवर वेळ आली तेव्हा तिला ती आठवली नाही. तिने खापर फोडलं सेन्सरवर. वेग मोजणारे सेन्सर बसवायचं काम वायरमनचं. तो शांत माणूस होता, चष्मा नाकाच्या टोकावर, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. दोघं एकाच वर्षी कामाला लागलेली, त्यामुळे बोलणं अरे-तुरेचं. चाचणीत पेटी बंद पडली की बिघाडवहीत नोंद करायची असे, आणि शेवटचा रकाना असे कारणाचा. बाई ठसठशीत अक्षरात लिहायची, "सेन्सर सदोष. वायरमनचा हलगर्जीपणा." अशा एकवीस नोंदी झाल्या. वायरमनने तीनदा सेन्सर बदलले. फरक पडला नाही.

तपासनीस यायला चार दिवस उरले होते तेव्हा सगळ्यांदेखत बाई कडाडली, "तुझे सेन्सर खोटं बोलतात! माझं काम एक आणि त्यांचं सांगणं भलतंच!"

वायरमनने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग फडताळातून सुटा गिअर आणि त्याची दातेरी बांगडी काढली आणि तिच्या टेबलावर दाणकन ठेवली.

"बसव," तो म्हणाला.

"हे काय?"

"यात माझी एकही वायर नाही. दोन्ही भाग थांबलेले आहेत, म्हणजे तुझा फरक अगदी शून्य. डोळे मीट आणि बसव."

बाईने रागातच डोळे मिटले आणि बांगडी दाबली. ती बसली नाही. दातासमोर दात आला होता.

"जोर लाव," वायरमन म्हणाला.

तिने जोर लावला. बांगडी हलली नाही.

"लिही आता वहीत, सेन्सर सदोष."

कुणीतरी हसलं. बाईचं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिचं मनगट आपसूक जरासं वळलं. खट्! बांगडी आत गेली.

बाईने डोळे उघडले. भांडण राहिलं बाजूला. तिने बांगडी काढली, पुन्हा बसवली. कधी समोर खाच आली की ती सरळ आत जायची. कधी दात दातावर यायचा, मग कितीही दाबा, ढिम्म. आणि दर वेळी तिचं मनगट तिला न विचारता किंचित वळायचं आणि काम करून टाकायचं. अठरा वर्षं ते हेच करत आलं होतं. बरणीचं झाकण लावताना कोण सरळ दाबतं? थोडं फिरवतो, आटे सापडतात, झाकण बसतं. फरक अगदी शून्य असला तर समोरासमोर आलेले दात समोरासमोरच राहणार. एक जरा पुढे सरकला तरच त्याला खाच सापडणार. पाच महिने ती मोटरला नेमका तो सरकायचा फरकच काढून टाकायला शिकवत होती, आणि जितकं चांगलं शिकवत होती तितकी पेटी जास्त अडकत होती.

तिला आधी राग आला, मग लाज वाटली, मग कडकडून भूक लागली. ती खाली बसली.

"तुला कधीपासून माहीत होतं?" तिने विचारलं.

"मला कुठे काय माहीत होतं? मला फक्त माझे सेन्सर सोडवायचे होते," वायरमन म्हणाला. "काय झालं?"

"सांगते. आधी डबा खाऊ दे."

पुढचे तीन दिवस बाई कुणाशी भांडली नाही, आणि त्याचीच सगळ्यांना जास्त धास्ती वाटली. फरक तीसवर नेला तर खरखर परत यायची. पाचवर ठेवला तर हजारात एखादा गिअर अडकायचा. तेल थंड असताना, तापलेलं असताना, सगळं करून पाहिलं आणि मिनिटाला पंधरा फेऱ्यांवर ती थांबली. गिअर पडताना हलकासा "टक्" यायचा. भिंतीवरचा कागद तिने स्वतःच फाडला.

चाचणीच्या आदल्या दिवशी साहेबांनी तिला खोलीत बोलावलं. तपासनिसाला आधीच्या बिघाडांची यादी कारणांसह द्यायची होती. साहेबांनी यादी टंकून ठेवली होती. भला माणूस, वायरमनचं नाव त्यांनी काढून टाकलं होतं. एकवीस ओळी, आणि प्रत्येकीपुढे एकच कारण, "त्रुटी आढळून आली."

"साहेब, त्रुटी काय वाटेत पडली होती, आढळून यायला?" बाई म्हणाली.

"अहो बाई, असंच लिहितात. यात कुणाचंच नाव येत नाही."

"म्हणूनच तर नको. मला पेन द्या."

"ऐका माझं. तो तपासनीस कडक आहे. पाच महिने चुकीच्या दिशेने काम झालं असं वाचलं तर चाचणीच घेणार नाही. आणि तुम्हाला परत पाठवायला इथे किती जण टपलेत, ते तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. त्यांतला एक रोज माझ्यासमोरच जेवतो." बाईने पेन उचललं होतं. "पण उद्या माझ्या जागी दुसरं कुणी येईल. 'त्रुटी आढळून आली' वाचून त्याला काय कळणार? तो सेन्सर बदलेल, आणि हुशार असला तर फरक पुन्हा शून्यावर नेईल. आणि वहीत वायरमनचं नाव एकवीस वेळा मी लिहिलंय, शाईने. ते असं पुसल्याने जाईल?"

बाईने एकवीस ओळी खोडल्या आणि एकवीस वेळा लिहिलं, "कारण: मी. वेगातला फरक शून्य ठेवला. शून्यावर दात दातावर अडकतो." अक्षर वहीतल्यासारखंच ठसठशीत आलं.

सकाळी तपासनीस आला. त्याने यादी उभ्याउभ्याच वाचली, मग खुर्ची ओढून पुन्हा वाचली.

"ही 'मी' कोण?"

सगळे साहेबांकडे बघायला लागले. बाई पुढे झाली. "मी."

"एकवीसच्या एकवीस बिघाड तुमचे?"

"हो."

"आणि आता फरक किती ठेवलाय?"

"पंधरा."

"पंधराच का? उद्या सोळा म्हणाल."

"सोळाही चालेल, बाराही चालेल. शून्य चालत नाही. ते शिकायला मला पाच महिने लागले."

तपासनिसाने तिच्याकडे पाहिलं. ती नजर खाली न घालता उभी राहिली. मग त्याने यादी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "सुरू करा."

टक्. टक्. टक्. शंभर झाले, पाचशे झाले. बाई बसली नाही. हजार झाले तेव्हा कुणीतरी चहा आणून दिला, तो तिच्या हातात निवला. चौदाशे बाराव्या वेळी "टक्" आलाच नाही. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ, पण बाईला तो घरापासून कारखान्यापर्यंतच्या रस्त्याएवढा वाटला. दात दातावर आला होता. तिचं मनगट हवेतच वळलं. आणि दात सरकला, खाच सापडली, टक्. तपासनिसाने काहीतरी टिपून घेतलं. उशीर अर्ध्या सेकंदाच्या आतला होता, आणि नियमात तेवढा बसत होता.

दोन हजार पूर्ण झाले तेव्हा टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलं नाही. तपासनिसाने सही केली आणि साहेबांना सांगितलं, "बसमध्ये हाच बसवा. आणि ही यादी अशीच सोबत जोडा, टंकलेली नको." बाई स्टुलावर बसली आणि सगळ्यांसमोर रडली, आणि कुणी बघतंय का याची तिने पर्वा केली नाही.

यादी जोडायला वायरमनकडे आली. त्याने चष्मा सावरला आणि प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत ती वाचली. नवव्या ओळीवर बोट थांबलं.

"बाई, ही नोंद चुकली आहे."

"कुठली?"

"नववी. त्या दिवशी तू रजेवर होतीस. दुसऱ्या दिवशी येऊन नेहमीसारखं माझं नाव लिहून टाकलंस. त्या एकाच दिवशी सेन्सर खरोखरच सैल होता. मी गुपचूप आवळला आणि बोललो नाही. तोवर आठ वेळा खोटं ऐकून घेतलं होतं ना, म्हणून एक खरं लपवलं."

"राहू दे रे," बाई म्हणाली. "दोन वर्षं राहिलीत तुझी. वीस काय आणि एकवीस काय."

"पेन दे."

तिने दिलं. त्याने नवव्या ओळीतलं तिचं "मी" आणि पुढचं सगळं नीट रेघ मारून खोडलं, आणि त्याच्या वर बारीक अक्षरात लिहिलं, "मी. सेन्सर सैल होता." मग शेजारी सही केली, तारीख घातली आणि यादी तिच्या हातात दिली.