कॉल आला की पिशवी

कॉल या इंग्रजी शब्दाचे डिक्शनरीत बघून प्रितमने आईला चार अर्थ सांगितले: हाक, बोलावणं, भेट, फोन. आता चार अर्थ घेऊन तुळसाबाईंनी करायचं काय? १९९० साली नवघरच्या त्यांच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये फोन एकच, तळमजल्यावरच्या हंसाबेनकडे. तिथे बाईंना आजवर तीन कॉल आले आणि तिन्ही वेळा परभणीकडे कुणाचं तरी मयत झालेलं. म्हणून कॉल म्हटलं की त्या स्टो विझवायच्या, लुगडं बदलायच्या आणि गावची पिशवी भरूनच जिना उतरायच्या.

त्या दुपारी हंसाबेननी खालून आवाज दिला, "तुळसाबाई, आपका कॉल है."

बाईंनी स्टो विझवला, लुगडं बदललं, पिशवी भरली. पिशवी काखेत मारून त्यांनी रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे मानसी होती, पाच महिन्यांपूर्वी परभणीत सासरी गेलेली त्यांची मुलगी.

"कोण गेलं? खरं सांग."

"कुणी नाही, आई. तुझा आवाज ऐकावासा वाटला."

"आणि?"

"काही नाही," मानसी म्हणाली आणि तिने घाईने फोन ठेवला.

हंसाबेननी हसून विचारलं, "सब ठीक है ना?"

तुळसाबाईंनी पिशवी खाली ठेवली नाही. त्या तशाच परभणीच्या गाडीला निघाल्या.