नदीला द्यायची जागा

अमेरिकेच्या दक्षिणेतलं अख्खं शहर आम्ही टीव्हीवर बुडताना पाहिलं, त्याच वर्षी आमच्या ऑफिसनं एका डच इंजिनिअरला बोलावलं. मी ॲन आर्बरला एम.एस. करून नदीकाठच्या एका छोट्या गावात पूरनियंत्रणाच्या कामावर होतो. पाहुण्यांच्या देशानं समुद्र अडवलेला. आम्हाला वाटलं, आता हे नदीवरही अवाढव्य दरवाजे बांधायला सांगणार. त्यांनी गावाखालच्या मक्याच्या शेतावर बोट ठेवलं. म्हणाले, बांध मागे घ्या, पुराचं पाणी इथं पसरू द्या. आमच्या देशात आम्हीही पिढ्यान्‌पिढ्या बांध उंच करत बसलो, आता नद्यांना त्यांची जागा परत देतोय.

मला ते इतकं पटलं की गावाच्या सभेत मी तावातावानं बोललो. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं, कॉफी प्यायली आणि उंच बांधासाठी हात वर केले. चांगली जमीन म्हणे पाण्याला फुकट द्यायची! पाहुणे मायदेशी गेले आणि बांधाचं डिझाइन आलं माझ्याच गळ्यात. व्हिसा कंपनीच्या हातात, करतो काय? नाक मुठीत धरून केलं.

बांध झाला तशी त्याच मक्याच्या शेतात घरं उठली. त्यातलं एक माझ्या धाकट्या बहिणीनं घ्यायचं ठरवलं. तिच्या नवऱ्याची नोकरी जवळच होती. मी फोनवर घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं, घेऊ नकोस बाई, ती जागा नदीची आहे. ती म्हणाली, तू लहानपणापासूनच घाबरट आहेस.

वास्तुशांतीला शिकागोहून गुरुजी आले, तिथल्याच डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून पेढे आले. जेवणं झाल्यावर तिनं सगळ्यांना मागच्या डेकवर नेलं आणि बोट दाखवलं.

"तो बांध माझ्या दादानं बांधलाय. म्हणून तर बिनधास्त घर घेतलं."

सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते. माझं एक अक्षर तिनं ऐकलं नव्हतं, आणि माझ्यावरचा सगळा विश्वास त्या मातीच्या ढिगावर टाकून मोकळी झाली होती.

पुढं एका उन्हाळ्यात धो धो पाऊस झाला आणि पाणी बांधावरून आलं. माणसं वेळेत बाहेर पडली, एवढंच नशीब. ओसरल्यावर मी तिच्याबरोबर गेलो. गालिचा चिखलानं जड झालेला, देवघर उलटं पडलेलं, भिंतींना छातीपर्यंत ओल. ती डेकच्या पायरीवर बसून खूप रडली. मला तिच्याजवळ बसायचीही लाज वाटत होती. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

डोळे पुसून तिनं बांधाकडे पाहिलं.

"दादा, आता अजून उंच बांधशील ना रे?"

ऑफिसनं ते काम आदल्याच दिवशी माझ्याकडे दिलं होतं. मी हो म्हणालो.