व्हाळाकडची

एका शुक्रवारी सकाळी मी पोहे परतत होते, तेव्हा मुलानं जाहीर केलं, "आई, ती आडनाव बदलणार नाहीये." ती म्हणजे माझी होणारी सून. इंग्लंडची, इथं कुवेतमध्ये शाळेत शिकवणारी. मुलगी गोड होती, पण तिचं आडनाव मला काही केल्या उच्चारता यायचं नाही.

"एवढं काय सोनं लागलंय त्या आडनावाला?" मी फणकारले.

"तूच विचार तिला. आणि प्लीज आई, नाइसली हं."

संध्याकाळी ती फिंतासला आमच्या घरी आली. चहाचा कप हातात देऊन मी सरळच विचारलं. ती गडबडली नाही. म्हणाली, हे आडनाव लावणारी आता दोनच माणसं उरलीत, माझे वडील आणि मी. मग तिनं अर्थ सांगितला. फार पूर्वी त्यांच्या गावात एकाच नावाची पाच-सहा माणसं असायची. ओळख पटावी म्हणून लोक म्हणायचे, अमका, तो ओढ्याजवळचा. बोलता बोलता 'जवळचा' ओढ्यालाच चिकटला, अक्षरं झिजली आणि हे विचित्र आडनाव तयार झालं. ओढा केव्हाच बुजला.

मला हसूच फुटलं. माझं माहेर कोकणातलं. वाडीत सगळ्यांचं आडनाव एकच, म्हणून घरांना नावं होती: वरचे, पाणंदीवरचे, व्हाळाकडचे. व्हाळ म्हणजे आमच्या परसामागून वाहणारा ओढा. लग्न होईपर्यंत मी व्हाळाकडची होते. नंतर मला त्या नावानं कुणी हाक मारली नाही. ते कुठल्या कागदावर नव्हतंच, त्यामुळे पुसायचेही कष्ट कुणाला पडले नाहीत. हे सगळं मी तिला सांगत बसले. जाब विचारायला बसलेली मी, आणि डोळे पुसायची वेळ माझ्यावरच आली!

"व्हाळ म्हणजे गटार ना?" मुलानं मध्येच विचारलं.

"गटार नव्हे रे मेल्या!" कुवेतमध्ये वाढलेल्या पोराला ओढा दाखवणार तरी कुठे? आम्ही दोघी मात्र पोट धरून हसलो.

"ठेव गं बाई तुझं आडनाव," मी तिला म्हटलं.

लग्न आमच्याच दिवाणखान्यात लागलं. फोटोच्या वेळी अब्बासियाहून आलेल्या माझ्या मैत्रिणीनं सगळा ताबा घेतला. "मुलाकडचे डावीकडे, मुलीकडचे उजवीकडे!" आमच्या बाजूला पाय ठेवायला जागा नव्हती. उजवीकडे सुनेचे वडील एकटेच, कोट सावरत, चेहरा हसरा ठेवून उभे होते. सून त्यांच्याकडेच बघत होती. मी गर्दीतून वाट काढली आणि जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले.

"अगं, तिकडे कुठं? तू मुलाकडची ना!" मैत्रीण ओरडली.

"छे," मी पदर सारखा केला, "मी व्हाळाकडची."