खंडेनवमीची विश्रांती
झेंडू आणि मशीनचं तेल यांचा वास एकत्र आला की मला भोपाळच्या कारखान्यातली ती खंडेनवमी आठवते. आम्ही टाउनशिपमधली मराठी माणसं मशीनची पूजा हौसेने करायचो. शॉपमधल्या मोठ्या लेथचा, म्हणजे लोखंड कातणाऱ्या यंत्राचा, संगणकी कंट्रोलर जुना होता आणि तिचे म्हातारे ऑपरेटर, ज्यांना सगळे उस्ताद म्हणत, त्याची वीज सुट्टीतही चालूच ठेवायचे. "साहब, मेन बंद मत कीजिए, सब भूल जाएगी," ते हात जोडून म्हणाले. मी नवा इंजिनिअर. आमच्याकडे आज हत्यारांना विश्रांती असते, असं सांगून मी कुंकवाच्या बोटांनीच मेन स्विच खाली ओढला. दसऱ्यानंतर चालू केला, तर पडद्यावर एक ओळ उमटली आणि तिथेच अडकली. चार दिवस मी आतली सर्किटची कार्डं काढून खोडरबरने घासली, वायरी बदलल्या, पुन्हा पुन्हा स्विच टाकला, तीच ओळ. शेवटी वीज नसताना स्मृती जपणारी आतली बोटाएवढी बॅटरी तपासली. ती कधीचीच मेलेली होती. वीज तोडताच मशीनची सगळी स्मृती पुसली गेली होती आणि तिची नक्कल कुणीच ठेवली नव्हती. लेथ कायमची ताडपत्रीखाली गेली, उस्तादांना स्टोअरमध्ये बसवलं. निवृत्त होईपर्यंत ते रोज सकाळी ताडपत्री उचलून तो काळा पडदा फडक्याने पुसत राहिले. आता कोलार रोडच्या घरी बायको दर खंडेनवमीला पाटावर पक्कड, पेचकस, शिवणयंत्राची कात्री मांडते. कुंकवाची वाटी माझ्यापुढे आली की मी हात मागे घेतो.